पहिल्यांदाच टीम हाती आलेल्यांसाठी : वाईट बातमी वेळेवर पोचेल असे वागावे कसे

पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांत असो, भोसरी-चाकणच्या कारखान्यांत असो किंवा शहरातल्या एखाद्या बँकेच्या शाखेत असो, टीम लीडर, शिफ्ट इन्चार्ज किंवा विभागप्रमुख म्हणून माणसाची निवड बहुतेक वेळा एकाच कारणासाठी होते, ते म्हणजे तो स्वतःचे काम उत्तम करत होता. नेमणुकीचे पत्र हाती पडते, अभिनंदनाचे पेढे वाटून होतात आणि सोमवारपासून आठ-दहा माणसे त्याच्याकडे पाहू लागतात. कालपर्यंत मशीनवरचा नग किंवा संगणकावरचा प्रोग्राम त्याच्या डोळ्यांसमोर होता आणि त्यात काय बिघडले आहे ते त्याला थेट दिसत होते. आता मात्र कामाची खरी स्थिती त्याला इतरांच्या तोंडूनच कळणार असते आणि त्यांनी काय सांगायचे, किती सांगायचे व केव्हा सांगायचे हे बऱ्याच अंशी त्याच्या वागण्यावर ठरणार असते.

नव्या लीडरला वक्तृत्व, प्रेरणा, व्यक्तिमत्त्व विकास वगैरे विषयांवर भरपूर सल्ले मिळतात. ते निरुपयोगी आहेत असे म्हणण्याचे कारण नाही, परंतु पहिल्या सहा महिन्यांत त्यांची फारशी गरज पडत नाही. त्या काळात लक्ष ठेवण्याजोगी गोष्ट एकच असते, ती म्हणजे वाईट बातमी आपल्यापर्यंत वेळेवर पोचते की नाही. पुढील टप्पे पाच ते वीस माणसांची टीम प्रथमच सांभाळणाऱ्यांसाठी आहेत आणि ते साधारण ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने दिले आहेत.

१. रुजू होण्याआधी आपले अधिकार विचारून घ्या

जबाबदारी स्वीकारण्यापूर्वी आपल्या वरिष्ठांसोबत अर्धा तास बसा आणि कोणते निर्णय आपल्या हाती आहेत हे स्पष्ट विचारा. रजा मंजूर करणे, ओव्हरटाइम लावणे, माल संशयास्पद वाटल्यास लाइन थांबवणे, क्लायंटला दिलेली तारीख बदलणे, नवीन माणूस घेताना होकार-नकार देणे, यांपैकी काय तुम्ही एकट्याने ठरवू शकता, काय विचारून ठरवायचे आणि काय फक्त कळवायचे याची यादी करून ती त्यांना ईमेलने पाठवा. हे औपचारिक वाटले तरी करावे, कारण लीडरने दिलेली रजा वरून रद्द झाली की त्याच्या शब्दाला काही वजन नाही ही गोष्ट टीमला एकदाच कळते आणि ती कायमची लक्षात राहते.

भोसरी आणि आसपासच्या लहान कारखान्यांत आणखी एक गोष्ट आधीच बोलून घ्यावी लागते. तिथे मालक स्वतः शॉपवर, म्हणजे मशीन चालतात त्या दालनात, फेरी मारतात, ऑपरेटरला नावाने ओळखतात आणि थेट त्यालाच सांगून टाकतात, की हे बाजूला ठेव आणि आधी अमक्याचा माल काढ. सुपरवायझरला ते दुपारी कळते. मालकांचा हेतू वाईट नसतो, कारण हा कारखाना त्यांनी दोन लेथपासून उभा केलेला असतो आणि सगळे स्वतः पाहण्याची सवय सुटलेली नसते. तरीही ‘काम बदलायचे असल्यास मला सांगा, मी दहा मिनिटांत बदलून घेतो’ असे त्यांना आदराने पण स्पष्ट सांगावे आणि ती दहा मिनिटे खरोखर पाळून दाखवावीत.

२. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकाशी एकेकट्याने बोला

बैठक बोलावून भाषण करण्याआधी प्रत्येक सहकाऱ्याबरोबर वीस-पंचवीस मिनिटे काढा. केबिनमध्ये बोलावले की माणूस अंग चोरून बसतो, म्हणून कॅन्टीन, गेटबाहेरची टपरी किंवा शॉपवरचे एखादे शांत बाक त्यासाठी बरे. प्रश्न साधे असावेत. सध्या हातात कोणते काम आहे, त्यात सर्वांत जास्त वेळ कशात जातो, इथली कोणती पद्धत चांगली आहे आणि मी ती बदलू नये, आणि घरचे, प्रवासाचे किंवा शिफ्टचे असे काही आहे का जे मला माहीत असायला हवे. उत्तरे वहीत लिहून घ्या, मात्र लिहिताना ‘हे फक्त माझ्यासाठी आहे’ असे सांगा.

या गप्पांतून एखादी अगदी क्षुल्लक दिसणारी तक्रार हमखास निघते. उदाहरणार्थ, दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटर सांगेल की संध्याकाळी सहानंतर क्वालिटी विभागाच्या कपाटाला कुलूप लागते, त्यामुळे प्लग गेज (भोकाचे माप तपासण्याचे साधन) मिळत नाही आणि रात्री अकरापर्यंत व्हर्नियर या मोजपट्टीवरच काम भागवावे लागते. ही तक्रार वर्षभरापूर्वीचीही असू शकते आणि आधीच्या दोघा-तिघांनी ‘बघतो’ म्हणून ती सोडूनही दिलेली असेल. नव्या लीडरने आपली पहिली शक्ती इथे खर्चावी. कपाटाची दुसरी किल्ली शिफ्ट इन्चार्जकडे राहील, गेज घेतल्याची व परत केल्याची नोंद रजिस्टरमध्ये होईल, एवढी व्यवस्था आठ दिवसांत लावून द्यावी. लीडरला सांगितलेल्या गोष्टीचे पुढे काही होते याचा पुरावा टीमला यातून मिळतो आणि पुढची, याहून मोठी गोष्ट सांगण्याचे धैर्य त्याच पुराव्यावर उभे राहते.

दोन भेटी मात्र अवघड असतात. टीममध्ये वयाने आणि अनुभवाने मोठी व्यक्ती असेल, जिला सगळे ‘काका’ किंवा ‘मॅडम’ म्हणतात, तर तिच्याशी बोलताना आपले पद मध्ये आणू नये. त्यांना माहीत असलेल्या गोष्टी आपल्याला माहीत नाहीत हे मान्य करावे, पण निर्णय आपल्यालाच घ्यायचे आहेत हेही आडपडदा न ठेवता सांगावे. दुसरी भेट त्या सहकाऱ्याशी, ज्याला हीच जागा मिळण्याची आशा होती. त्याला सर्वांत आधी भेटा. ‘तुमचाही विचार झाला होता हे मला माहीत आहे, आणि तुम्हाला वाईट वाटले असेल तर ते साहजिक आहे’ एवढे बोलून थांबा. सांत्वन करू नका आणि आपल्या हाती नसलेल्या बढतीचे आश्वासन तर मुळीच देऊ नका.

संबोधनाचा प्रश्नही याच दिवसांत सोडवून टाकावा. कालपर्यंत ज्यांच्याशी अरे-तुरे होते त्यांच्याशी आज एकदम ‘तुम्ही’वर जाणे हास्यास्पद दिसते, तर काहींना ‘तू’ आणि काहींना ‘तुम्ही’ ठेवले की टीमचे दोन गट पडतात आणि जवळचा गट कोणता हे सगळ्यांना कळते. जुन्या मित्रांशी एकांतात ‘तू’ आणि बैठकीत सर्वांना ‘तुम्ही’ हा मार्ग बहुतेक ठिकाणी चालतो. जिथे सगळेच एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात अशा आयटी कंपन्यांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, परंतु तिथेही ऑफिस बॉय आणि सुरक्षा रक्षक यांच्याशी तुम्ही कसे बोलता हे टीम पाहत असते.

३. वाईट बातमी आल्यानंतरची पहिली दोन मिनिटे

बाकीचे सारे टप्पे थोडेफार चुकले तरी निभावते, पण या टप्प्यावर सराव करूनच उभे राहावे.

रात्री नऊची वेळ आहे, दुसरी शिफ्ट सुरू आहे आणि सीएनसी मशीनवरचा ऑपरेटर तुमच्याजवळ येऊन म्हणतो, ‘‘साहेब, गो गेज घट्ट जातोय. बोअर लहान यायला लागलाय. जेवणाच्या सुट्टीआधीपासूनच असेल बहुतेक.’’ गो गेज म्हणजे प्लग गेजचे जे टोक भोकात सहज जायला हवे ते. इन्सर्ट, म्हणजे कापणारे पाते, झिजला की बोअरचे, म्हणजे नगाच्या भोकाचे, माप हळूहळू लहान होत जाते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि त्यालाही. तुमच्या तोंडून सहज निघणारा प्रश्न असा असतो : ‘‘जेवणाआधीपासून? मग आत्ता सांगताय?’’ प्रश्न रास्त आहे, त्यात अपशब्द एकही नाही, आवाजही चढलेला नाही. तरीही त्या ऑपरेटरने आणि शेजारच्या दोन मशीनवर कान टवकारून उभ्या असलेल्यांनी त्यातून घेतलेला धडा असा, की उशिरा सांगितल्यास ऐकून घ्यावे लागते. पुढच्या वेळी उशीर झाला, तर ते सांगणारच नाहीत.

त्याऐवजी क्रम असा ठेवावा. आधी मालाविषयी विचारा : ‘‘किती नग झालेत? वेगळे काढून ठेवलेत का?’’ मग उपाय करा : इन्सर्ट बदला, शेवटचा चांगला नग कोणता ते मोजून शोधा, त्यानंतरचे सगळे नग लाल क्रेटमध्ये टाका. मग सांगणाऱ्याला त्याच्या सांगण्याची किंमत कळू द्या : ‘‘बरं झालं आत्ता सांगितलंत, सकाळच्या डिस्पॅचला हा माल गेला असता.’’ बोअर लहान असेल तर तो पुन्हा मशीनवर चढवून बहुधा मापात आणता येतो, म्हणजे आज हे प्रकरण रिवर्कवर भागते. तोच माल चाकणच्या ग्राहकाच्या लाइनवर पोचला असता, तर सॉर्टिंगसाठी आपली चार माणसे तिकडे पाठवावी लागली असती आणि लाइन थांबल्याच्या नुकसानीचा डेबिटही आपल्याच खात्यावर पडला असता. हा हिशोब टीमला एकदा आकड्यांत समजावून सांगावा, परंतु त्या रात्री नव्हे.

आणि उशीर का झाला हा प्रश्न? तो विचारायलाच हवा, फक्त दुसऱ्या दिवशी, बसून, आणि शक्यतो ‘का’ हा शब्द टाळून. ‘‘गेज किती नगांनी लावायचा ठरला आहे? काल मधे काय आडवे आले?’’ असे विचारल्यावर कदाचित असे निघेल की दर दहा नगांनी तपासणी ठरली असली तरी टार्गेट इतके आहे की ती वीसवर गेली आहे, आणि हे सगळ्या शिफ्टमध्ये चालते. म्हणजे दोष एका माणसाचा नसून आखणीचा निघतो. तो शोधण्याची संधी रागाच्या भरात हातची जाते.

या विषयावरचा एक अभ्यास प्रत्येक नव्या लीडरने लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील वेगवेगळ्या विभागांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला आणि १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. चांगल्या नेतृत्वाच्या विभागांत चुका कमी आढळतील ही अपेक्षा होती, प्रत्यक्षात तिथे चुकांच्या नोंदी जास्त सापडल्या. बारकाईने पाहिल्यावर उलगडा असा झाला, की त्या विभागांत चुकांविषयी मोकळेपणाने बोलले जात होते, तर इतरत्र त्या झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादन कंपनीतील ५१ टीम्सचा अभ्यास मांडला आणि ज्या टीममध्ये प्रश्न विचारणे, चूक कबूल करणे किंवा मदत मागणे सुरक्षित वाटते ती टीम अधिक शिकते व त्यामुळे काम चांगले करते, हे दाखवले. सूत्रे हाती घेतल्यावर दोन महिन्यांत तुमच्या टीमच्या चुकांचा आकडा वाढलेला दिसला, तर घाबरण्यापूर्वी हे आठवावे, आणि आपल्या वरिष्ठांनाही आधीच सांगून ठेवावे.

बोलायला न धजण्याची किंमत किती असू शकते, याचे टोकाचे उदाहरण हवाई वाहतुकीत आहे. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. उड्डाण घेणाऱ्या विमानाच्या कॅप्टनचा दबदबा मोठा होता, कारण तो कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक-वैमानिक होता. समोरचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले आहे ना, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने काढली होती. कॅप्टनने ती ठामपणे उडवून लावली आणि इंजिनिअर गप्प बसला. अपघातामागे धुके, रेडिओवरील संदिग्ध संभाषण अशी इतर कारणेही होती. तरीही त्यानंतरच्या वर्षांत वैमानिकांच्या प्रशिक्षणात दुय्यम अधिकाऱ्याने शंका आग्रहाने मांडायची आणि कॅप्टनने ती ऐकून घ्यायची, हे शिकवणे विमान कंपन्यांना आवश्यक वाटू लागले. आपल्या कारखान्यांत दिसणारा अँडॉनचा दिवा किंवा दोरी, जी टोयोटाच्या पद्धतीतून जगभर गेली, तिच्यामागेही हाच विचार आहे : अडचण दिसताच साध्या कामगारानेही मदत बोलवावी आणि ती वेळेत सुटली नाही तर लाइन थांबावी. पण दोरी ओढल्यावर लीडर कपाळाला आठ्या घालून येत असेल, तर दोरी नुसती लोंबकळत राहते.

४. रोजची बैठक : कोण आधी बोलतो ते पाहा

रोजची उभ्याउभ्याची बैठक पंधरा मिनिटांच्या आत संपवा आणि तीत स्वतः शेवटी बोला. लीडरने आधी आपले मत सांगितले की बाकीच्यांची मते त्याच्या आजूबाजूलाच फिरतात. सर्वांत नवीन मुलगी किंवा मुलगा आधी, मग अनुभवी मंडळी, मग तुम्ही, हा क्रम सुरुवातीला कृत्रिम वाटतो आणि महिन्याभरात अंगवळणी पडतो.

आपल्याकडे बैठकीत नकार तोंडावर दिला जात नाही. ‘‘शुक्रवारपर्यंत होईल ना?’’ या प्रश्नाला ‘‘हो सर, होऊन जाईल’’ हेच उत्तर येते आणि ते विनयापोटी दिलेले असते, वचन म्हणून नव्हे. सॉफ्टवेअर रिलीजची तारीख जवळ आली की असे तीन-चार होकार एकदम फुटतात आणि मग गुरुवारी रात्री हिंजवडीच्या इमारतीचा एक मजला उजेडात राहतो. यावर उपाय प्रश्न बदलण्यात आहे. ‘‘शुक्रवारी न होण्याचं सगळ्यात मोठं कारण काय असू शकेल?’’ किंवा ‘‘आजच्या तारखेला त्यातलं नक्की काय बाकी आहे?’’ असे विचारा. या प्रश्नांना ‘हो’ हे उत्तरच नसल्यामुळे माणसाला माहिती द्यावी लागते, आणि अडचण सांगितल्याचा कमीपणाही वाटत नाही, कारण ती तुम्हीच मागितलेली असते.

भाषेकडेही लक्ष द्यावे. पुण्यातील बहुतेक टीम आता मिश्र असतात आणि दोन-चार माणसे मराठी न समजणारी असली तरी बैठक हळूच मराठीकडे झुकते, विशेषतः विनोद करताना. ज्याला विनोद कळत नाही त्याला तो आपल्यावरच आहे असे वाटते. बैठक सर्वांना समजणाऱ्या भाषेत व्हावी. याची दुसरी बाजूही आहे. इंग्रजीत अडखळणारा मराठी माध्यमातला हुशार मुलगा बैठकीत गप्प राहतो म्हणून त्याला काही सांगायचे नाही असे समजू नये. त्याला बैठकीनंतर मराठीत विचारा आणि त्याचा मुद्दा पुढच्या बैठकीत त्याच्या नावाने मांडा.

५. चूक दाखवताना आणि कौतुक करताना

चूक एकांतात दाखवावी आणि कौतुक चारचौघांत करावे, हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की अभिप्राय दिल्याने काम सुधारतेच असे नाही. अवराहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये या विषयावरचे आधीचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा सरासरीने अभिप्रायाचा उपयोग होत असला तरी एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम उलट खालावलेले आढळले. त्यांच्या मांडणीनुसार, अभिप्रायामुळे माणसाचे लक्ष कामावरून उठून स्वतःवर, म्हणजे ‘मी कसा आहे’ या प्रश्नावर गेले की परिणाम बिघडत जातो.

त्यामुळे ‘तुम्ही निष्काळजी आहात’ हे वाक्य रद्द समजा. ‘कालच्या अहवालात तिसऱ्या पानावरची बेरीज चुकली आहे, ती पाठवण्याआधी दुसऱ्याकडून तपासून घ्या’ हे वाक्य पुरेसे असते. कौतुकालाही हाच नियम लागतो. ‘तू भारी आहेस’ यातून आनंद होतो, पण नेमके काय पुन्हा करायचे ते कळत नाही. ‘ग्राहक चिडलेला असताना तू मध्ये न तोडता त्याचे सगळे ऐकून घेतलेस आणि मगच तारीख सांगितलीस, ते चांगले केलेस’ यातून कळते.

इथे पुण्याविषयी एक गोष्ट सांगणे भाग आहे. खोचक बोलणे ही आपल्या शहराची ओळख झाली आहे आणि वाड्याच्या दारावरच्या पाटीवर ती वाचायला मजाही येते. टीममध्ये मात्र लीडरचा टोमणा फुकट जात नाही. ‘‘आज सूर्य कुठून उगवला, वेळेवर आलात’’ हे वाक्य समवयस्क मित्राने म्हटले तर चेष्टा असते, तेच अप्रेजल लिहिणाऱ्याने म्हटले की ताशेरा होतो. ज्याला उलट टोमणा मारता येत नाही त्याला टोमणा मारू नये, इतके पथ्य पाळले तरी पुरते.

६. व्हॉट्सॲप

ग्रुप असावा, परंतु त्यावर फक्त वेळ, बदल आणि सूचना असाव्यात. कोणाची चूक तिथे लिहू नये, रात्री दहानंतर तातडीचे नसलेले काही टाकू नये आणि निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही म्हणून प्रश्नचिन्हे पाठवू नयेत. तातडी असेल तर फोन करावा. रिजेक्शनचा फोटो नावासकट ग्रुपवर टाकण्याची प्रथा काही ठिकाणी आहे, ती चालू असल्यास पहिल्याच आठवड्यात बंद करावी.

७. रजा, शिफ्ट आणि कामाचे वाटप

लीडर पक्षपाती आहे की नाही, याचा निकाल टीम भाषणांवरून लावत नाही. दिवाळीत रजा कोणाला मिळाली आणि सलग दोन आठवडे तिसरी शिफ्ट कोणाला लागली, यावरून लावते.

पुण्यात रजेच्या मागणीचे दिवस आधीच माहीत असतात. आषाढी वारीत दोन्ही पालख्या शहरात येतात तेव्हा रस्ते बंद असतात आणि काहींना सेवेला जायचे असते. गणपतीत कोकणातली मंडळी गावाला जातात, विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतून ये-जा करणे जवळपास अशक्य होते. दिवाळीत सगळ्यांनाच घरी जायचे असते, आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या सहकाऱ्यांना दिवाळीहून छठपूजा महत्त्वाची असते व रेल्वेचे आरक्षण त्यांना फार आधी करावे लागते. म्हणून एक मोठा तक्ता करून जूनमध्येच भिंतीवर लावा. एका वेळी किती जण रजेवर असू शकतात ते वर लिहा, ज्याने त्याने आपल्या पसंतीचे दिवस स्वतःच्या हाताने भरू द्या, आणि एकाच दिवसासाठी मागणी जास्त झाली तर गेल्या वर्षी ज्याला तो दिवस मिळाला नव्हता त्याला आधी द्या. तक्ता सर्वांसमोर असल्यामुळे नकार तुम्ही देत नाही, नियम देतो. स्वतःचे नावही त्याच तक्त्यात लिहा आणि एखादी दिवाळी स्वतः कामावर काढा.

अवघड कामाच्या वाटपात एक सूक्ष्म अन्याय नकळत होतो. जो न कुरकुरता करतो त्याच्याच गळ्यात प्रत्येक तातडीचे काम पडत जाते आणि जो नाके मुरडतो त्याला सूट मिळते. महिनाअखेरीस वही उघडून कोणाला कितीदा जादा वेळ थांबवून घेतले ते मोजावे. आकडे पाहिल्यावर सहसा स्वतःलाच आश्चर्य वाटते.

खंडेनवमीला शॉपवर मशीनची पूजा होते, तेव्हा पूजेचे ताट दरवर्षी एकाच ठरावीक माणसाच्या हाती जाऊ नये, हेही याच सदरात येते. बाहेरून आलेल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही, पण हेल्परच्या हाती ते ताट एकदा देऊन पाहा.

८. वरच्यांशी बोलताना

टीमचे काम वर सांगताना नावे घ्यावीत आणि टीमची चूक सांगताना ‘आमच्याकडून’ म्हणावे. वरून आलेला राग जसाच्या तसा खाली पोचवू नये. क्लायंट किंवा प्लान्ट हेड जे बोलले त्यातली कामाची मागणी तेवढी गाळून टीमला सांगावी. मात्र ‘वरच्यांनी ठरवले, मी काय करणार’ हे वाक्य वापरायचे नाही. निर्णय पटला नसेल तर वर जाऊन वाद घाला, आणि तो कायम राहिला तर त्यामागचे कारण टीमला सांगून स्वतःचा म्हणून अमलात आणा. कारण सांगण्याची मुभा नसेल तर तसेच स्पष्ट सांगावे. काही गोष्टी सांगता येत नाहीत हे लोक समजून घेतात, थाप मात्र विसरत नाहीत.

९. जे स्वतः सोडवायचे नाही

मोकळेपणा वाढला की एखाद्या दिवशी अशी गोष्टही कानावर येते, जी लीडरने चहाच्या कपावर मिटवायची नसते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला असते, आणि घटनेपासून सामान्यतः तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. आपल्या कंपनीतील समितीच्या सदस्यांची नावे सांगणारा फलक कुठे आहे, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात माहीत असले पाहिजे. एखादी सहकारी तुमच्याकडे येऊन बोलली तर ऐकून घ्या, साक्षी-पुरावे स्वतः तपासू नका, समोरच्याला बोलावून समेट घडवू नका, ‘तो तसा नाही हो’ असे म्हणू नका. समितीकडे कसे जायचे ते सांगा आणि ही गोष्ट इतरत्र कोणाला बोलू नका. पैशाची अफरातफर आणि सुरक्षा-साधनांत छेडछाड, उदाहरणार्थ प्रेसचा सेन्सर बांधून ठेवणे, यांच्या बाबतीतही ठरलेल्या मार्गानेच जावे, पण मशीन मात्र त्याच क्षणी बंद करावे.

१०. तीन महिन्यांनी : गैरहजर राहून पाहा

आपले कसे चालले आहे हे टीमला विचारल्यास ‘छान’ असेच उत्तर मिळेल. त्यापेक्षा खात्रीची परीक्षा म्हणजे दोन दिवस रजा घेणे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी अमेरिकेतील आयोवा येथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छोट्या गटांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काही गटांचे प्रमुख सर्व काही स्वतः ठरवून हुकूम देत, काही मुलांशी चर्चा करून ठरवत. हुकमी प्रमुख खोलीत असेपर्यंत काम जोरात चाले आणि तो बाहेर गेला की मुले काम सोडून देत. चर्चा करून चालणाऱ्या गटांत प्रमुख बाहेर गेल्यावरही काम बरेचसे तसेच चालू राही. मुलांवरचा प्रयोग कारखान्याला जसाच्या तसा लावता येत नाही हे खरे, तरी प्रमुख खोलीबाहेर गेल्यावर पाहायचे ही त्यातली युक्ती उचलण्यासारखी आहे.

रजेवर जाताना आपल्या जागी कोण निर्णय घेईल ते नाव घेऊन सर्वांना सांगा आणि कोणत्या दोन-तीन प्रसंगीच आपल्याला फोन करायचा तेही सांगा. परत आल्यावर काम किती झाले यापेक्षा वेगळ्या गोष्टी पाहाव्यात. कोणते निर्णय तुमच्यासाठी अडून राहिले? ते घेण्याचा अधिकार नव्हता, माहिती नव्हती की भीती होती? काही बिघडले असेल तर ते तुम्हाला आल्या आल्या सांगितले गेले, की दुपारी रजिस्टर चाळताना सापडले? ज्याने सांगितले तो तोच नेहमीचा माणूस होता, की या वेळी एखादा नवा आवाज होता?

तुमच्या पाठीमागे कोणीतरी स्वतःच्या जबाबदारीवर लाइन थांबवली असेल किंवा क्लायंटला एक दिवस मागून घेतला असेल, आणि तो निर्णय तुम्ही घेतला नसता असे वाटत असेल, तरी तो त्या सकाळी सर्वांसमोर फिरवू नका. ज्याने घेतला त्याच्याबरोबर बसून त्याच्यापुढे तेव्हा कोणती माहिती होती ते ऐका, पुढच्या वेळी आणखी काय तपासायचे ते दोघांनी मिळून ठरवा, आणि पुढच्या रजेच्या वेळीही तोच अधिकार त्याच्याकडेच ठेवून जा.